परक्या झाडांना कोकणची माती थारा देते कशी?

रानमोडी या बाहेरून आलेल्या झुडपाबद्दल कोकणात दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक असतात. कोयता लागला तर तिचा पाला चुरगाळून रस जखमेवर पिळायचा, रक्त थांबतं. आणि ती एकदा काजूच्या बागेत शिरली की जात नाही. ‘कितीय तोडा, पावस पडलो की परत उभी,’ हे तळकोकणातल्या कुठल्याही बागेत ऐकायला मिळेल.

ती का जात नाही याची कारणं आपण जमिनीवर शोधतो, आणि ती सापडतातही. बी इतकं हलकं की वाऱ्यावर डोंगर ओलांडतं. गुरं तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात वाळून वणव्यात जळाली तरी बुडखा जिवंत राहतो आणि मिरगाच्या सरींबरोबर फुटतो. हे सगळं खरं आहे, पण ही अर्धी हकिकत झाली. उरलेली अर्धी जमिनीखाली घडते, आणि तिथे या परक्या झाडाला मदत करणारे आपल्याच मातीतले आहेत. त्या आहेत बुरश्या.

बुरशी म्हटलं की आषाढात चपलांवर नि कपाटातल्या पुस्तकांवर उगवणारं हिरवट-पांढरं प्रकरण डोळ्यांसमोर येतं. ती बुरशी मेलेल्या वस्तूंवर जगते. इथे जिच्याबद्दल बोलायचं आहे ती जिवंत मुळांत राहते आणि मुळांशिवाय तिला जगताच येत नाही. मुळं आणि बुरशी यांच्या या जोडीला मायकोरायझा म्हणतात. खताच्या दुकानात पुडीवर हेच नाव छापलेलं असतं, त्यामुळे बागायतदारांना ते नवीन नाही. १८८५ साली आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. ट्रफल नावाच्या महागड्या अळंबीची लागवड करता येईल का, हे शोधायचं काम त्याच्याकडे आलं होतं. ट्रफल काही त्याला पिकवता आलं नाही, पण झाडांची मुळं बुरशीने वेढलेली असतात आणि तरीही झाडं आजारी नसतात, हे त्याच्या लक्षात आलं. तोवर मुळावर बुरशी म्हणजे रोग, एवढंच सगळे धरून चालले होते.

हापूस, काजू, नारळ, सुपारी, फणस, नाचणी यांपैकी कशाचंही बारीक मूळ रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर पेशींच्या आत बुरशीची, फांद्या फुटलेली नाजूक रचना दिसते. सगळी देवाणघेवाण तिथे चालते. अशी एक रचना जेमतेम काही दिवस टिकते, मग विरते आणि दुसऱ्या पेशीत नवी उभी राहते. जमिनीवरच्या वनस्पतींच्या ७० ते ८० टक्के जातींमध्ये हा प्रकार आढळतो. तो जुनाही भलताच आहे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या खडकात सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती अश्मीभूत झाल्या आहेत; त्यांना धड मुळं नव्हती, पण पेशींत ही बुरशी होती.

आता ती करते काय, हे समजायला आपल्या जांभ्या मातीकडे पाहावं लागेल. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस हजारो वर्षं पडत राहिला की मातीतलं विरघळण्यासारखं सगळं वाहून जातं आणि लोह नि ॲल्युमिनियम मागे उरतं. मातीचा तांबडा रंग त्या लोहाचा. हे दोघे स्फुरद घट्ट धरून ठेवतात. म्हणून बागेत सुपर फॉस्फेट ओतलं तरी त्यातला बराचसा भाग मातीतच अडकतो आणि झाड उपाशी राहतं. मूळ आपल्याभोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा शोषून रिकामा करतं आणि मग अडून बसतं, कारण स्फुरद पाण्याबरोबर सहज सरकत नाही. बुरशीचे धागे मात्र मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके बारीक असतात. ज्या फटीत मूळ शिरू शकत नाही तिथे ते शिरतात, मुळापासून कित्येक सेंटिमीटर लांब जातात आणि स्फुरद आणून देतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेली साखर देतं, साधारण ४ ते २० टक्के. चरबीही देतं. या बुरशीला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती झाडाकडून घ्यावी लागतात, हे २०१७ साली सिद्ध झालं.

दोघांची गाठ योगायोगाने पडत नाही. स्फुरद कमी पडलं की मूळ स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन मातीत सोडतं आणि त्याच्या वासावर बुरशीला फांद्या फुटू लागतात. हे २००५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. हा वास सगळीकडच्या झाडांचा जवळजवळ सारखाच असतो. रानमोडीच्या गोष्टीत हा मुद्दा फार कामाचा आहे.

हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होड्या लागतात आणि मासळीचा लिलाव सुरू होतो. बोली लावणारा दापोलीचा आहे की पुण्याचा, हे तिथे कोणी विचारत नाही. जास्त बोलेल त्याची टोपली. जमिनीखाली अगदी हेच चालतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की बुरशी जास्त साखर देणाऱ्या मुळाला जास्त स्फुरद देते आणि झाडही जास्त स्फुरद आणणाऱ्या बुरशीकडे जास्त साखर वळवतं. यात स्वदेशी-परदेशी हा हिशेब कुठेच नाही. या गटातल्या बुरश्यांच्या नोंदलेल्या जाती फार तर तीन-साडेतीनशे, आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्या वनस्पती लाखांत. तेव्हा अमुक बुरशी अमुकच झाडाशी जमवेल, अशी चैन कोणालाच परवडणारी नाही.

रानमोडी मूळची अमेरिका खंडातली, फ्लॉरिडापासून अर्जेंटिनापर्यंतची. १८४०च्या दशकात शोभेची म्हणून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात आली. घाणेरी, म्हणजे टणटणी, तिच्याही आधी तिथेच येऊन बसली होती. दोघींनी येताना आपली बुरशी आणली नसती तरी काही बिघडलं नसतं, कारण इथल्या मातीत करवंद, किंजळ, आईन यांना पोसणारी बुरशी आयती तयार होती. किडी आणि रोग मात्र बरेचसे मागे अमेरिकेतच राहिले. म्हणजे शत्रू सुटले आणि मित्र मिळाले. एखाद्या झाडाला पसरायला याहून सोयीची परिस्थिती कुठली?

इथवर रानमोडी फक्त चतुर गिऱ्हाईक वाटते. पण तिचं दुसरं काम जास्त धूर्त आहे. दिल्ली विद्यापीठातले इंदरजित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातली, रानमोडीच्या बुंध्याखालची माती तपासली. २००८ साली छापलेल्या या अभ्यासात त्या मातीत फ्युजेरियम या बुरशीचे बीजाणू २० मीटर लांबच्या मातीपेक्षा २५ पटींहून जास्त निघाले. फ्युजेरियम म्हणजे रोप कोलमडवणारी, मर रोगाची बुरशी. या मातीत दुसरी रोपं लावली तर खुरटत होती. तीच माती निर्जंतुक केली की खुरटणं थांबत होतं. मग त्यांनी रानमोडीच्या मुळांतून पाझरणारं पाणी स्वच्छ मातीत घातलं, तर तिथेही फ्युजेरियम वाढलं. थोडक्यात, रानमोडी स्वतः कोणाला मारत नाही. इथलीच रोगाची बुरशी आपल्या बुडाशी पाळते आणि शेजाऱ्यांवर सोडते. तिला स्वतःला त्याचा फारसा त्रास होत नाही.

म्हणून तोडलेल्या जागेत लगेच लावलेली रोपं मरतात तेव्हा दोष दरवेळी रोपांचा किंवा पाण्याचा नसतो. झाड गेलं तरी त्याने बदललेली माती जागेवरच असते.

याच विषयातले दोन परदेशी दाखले इथे सांगण्यासारखे आहेत. अमेरिकेच्या वायव्य भागात युरोपातून आलेलं नॅपवीड नावाचं तण आहे. कुंडीत एकटं वाढवलं तर मायकोरायझाने त्याला काडीचा फायदा होत नाही. पण शेजारी तिथलं देशी गवत असेल आणि मातीत बुरशी असेल, तर तण जोमाने वाढतं आणि गवत मागे पडतं. १९९९ सालचा हा प्रयोग आहे. जे आपल्याला एकट्या रोपात दिसत नाही ते शेजार आल्यावर दिसतं. दुसरं उदाहरण याच्या अगदी उलट वागणारं. गार्लिक मस्टर्ड हे मोहरीच्या कुळातलं युरोपीय तण अमेरिकेच्या जंगलांत पसरलं आहे. मोहरीचं कुळ मायकोरायझा करतच नाही, त्यामुळे बुरशी मेली तरी याचं नुकसान शून्य. ते आपल्या तिखट रसायनांनी मातीतली बुरशी मारतं, आणि तिच्यावर अवलंबून असणारी मेपलसारख्या झाडांची रोपं उपासमारीने मागे राहतात. २००६ साली हे समोर आलं. (जाता जाता: मुळा, कोबी, मोहरी यांच्या वाफ्यात मायकोरायझाची पुडी टाकू नका. पैसे वाया.)

सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ या आणखी दोन परक्या झाडांची गोष्ट मात्र वेगळी आहे.

आतापर्यंतची बुरशी पेशींच्या आत शिरणारी होती आणि तिला अळंबी येत नाही. दुसरा एक गट मुळांवर बाहेरून खोळ चढवतो. याच्यातल्या पुष्कळ जातींना अळंबी येतात. पाइन, ओक, निलगिरी यांना हा गट लागतो, आणि यातल्या बऱ्याच बुरश्या जोडीदाराबाबत चोखंदळ असतात. पोर्तो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न सारखे फसत होते. रोपं पिवळी पडून मरायची. मातीत त्यांची बुरशीच नव्हती. १९५०च्या दशकात पाइनच्या जंगलातली माती आणून मिसळली तेव्हा झाडं लागली. अर्जेंटिनातल्या इस्ला व्हिक्टोरिया बेटावर शंभरेक परदेशी जातींची झाडं लावली होती, त्यांतली सुचीपर्णी लागवडीबाहेर फारशी पसरत नव्हती. २००९ साली कारण सापडलं: लागवडीपासून लांबच्या मातीत त्यांची बुरशी पोचलेली नव्हती. पुढे बाहेरून आणलेली रानडुकरं आणि हरणं ती बुरशी खाऊन विष्ठेतून बेटभर पसरवू लागली. आलेल्या झाडाला आलेली बुरशी मिळाली, तीही आलेल्या जनावराच्या पोटातून.

कोकणात ऑस्ट्रेलियन बाभूळ आली ती सामाजिक वनीकरणातून, मुख्यतः १९८०च्या दशकात. कुठल्याही सड्यावर (म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर), माळावर, रस्त्याकडेला लावा, जगते. का जगते? कारण ती दोन्ही गटांच्या बुरश्यांशी जमवते, आणि वर तिच्या मुळांवर हवेतला नत्र पकडणाऱ्या जिवाणूंच्या गाठीही असतात. स्फुरदाची सोय बुरशीकडून, नत्राची जिवाणूकडून. जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या लागवडीत फिरलात तर जमिनीतून अर्धवट वर आलेले मळकट पिवळे-तपकिरी गोळे दिसतील. फोडले की आत काळसर भुकटी. तो तिच्या मुळांवरच्या बुरशीचा बीजाणूंचा साठा. पायाने तुडवला की वाऱ्यावर जातो, आणि रोपवाटिकेच्या पिशवीतल्या मातीतूनही प्रवास करतो. हे गोळे खाण्याच्या भानगडीत कोणी पडू नये, यांतल्या काही जाती विषारी आहेत. आपण पावसाळ्यात वाट बघतो त्या वारुळावरच्या अळंबीशी यांचा काही संबंध नाही. ती अळंबी वाळवीने पाळलेली असते, झाडाशी तिचं देणंघेणं नाही.

सुरूकडेही असंच दुहेरी बळ आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचा जिवाणू नत्र पकडतो, म्हणून गुहागर, भाट्ये, दिवेआगरच्या नुसत्या वाळूत तो ताठ उभा राहतो. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनकडे सुरू मोठ्या संख्येने आडवे झाले, तेव्हा वाऱ्यासमोर त्याची मर्यादाही दिसली. तरी माझ्या मते सुरूला रानमोडीच्या पंगतीत बसवणं अन्यायाचं आहे. आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक लावला तिथेच राहतो. त्याच्या सुयांच्या थराखाली मर्यादवेल किंवा रावणाच्या मिशा वाढत नाहीत, ही तक्रार खरी, पण त्याला तिथे लावायचा निर्णय माणसांचा होता.

सड्यावरच्या बाभळीबद्दल मात्र मी इतका उदार होणार नाही. सडा ओसाड दिसतो, म्हणून तो ‘हिरवा’ करायची हौस सरकारी योजनांना आणि शाळांच्या वृक्षारोपणाला नेहमी असते. श्रावणात त्याच सड्यावर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू अशी फुलं गुडघाभरही उंच न होता पसरतात. यांतली सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे पकडून नत्र मिळवतात. सीतेच्या आसवांना तर खरी मुळंच नसतात, मग बुरशी कुठून असणार? माती इतकी निकस आहे म्हणून तर हे कसब कामाचं. तिथे नत्र ओतणारं झाड आणून उभं केलं तर या मंडळींचं कसब निरुपयोगी होतं आणि गवत-तण वरचढ ठरतं. हवाई बेटांवर अझोर्स-कॅनरी बेटांकडून आलेल्या फाया या झाडाने असंच केलं. त्याच्या मुळांतही फ्रँकियाच. कोवळ्या ज्वालामुखी मातीत नत्राची आवक त्याने कित्येक पटींनी वाढवली आणि तिथलं सगळं गणित बदललं. १९८७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून हे उदाहरण या शास्त्राच्या प्रत्येक वर्गात शिकवलं जातं.

एका गोष्टीबाबत थोडं जपून. झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई-झाड पिल्लांना जेवू घालतं, असं व्हॉट्सॅपवर फिरत असतं. त्याचं मूळ १९९७ सालच्या कॅनडातल्या एका प्रयोगात आहे. त्यात दोन जातींच्या रोपांमध्ये कार्बनची ये-जा दिसली होती. २०२३ साली याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी आजवरचे पुरावे तपासून सांगितलं की जंगलाबद्दलचे असे मोठे दावे पुराव्यांच्या फार पुढे गेले आहेत. तेव्हा देवराईतली झाडं एकमेकांना निरोप देतात वगैरे सध्या बाजूला ठेवू. मुळं आणि बुरशी यांची देवाणघेवाण मात्र पक्की आहे.

परकं ते सगळं वाईट, असंही यातून निघत नाही. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांबरोबर आलेला, तोही इथल्याच बुरशीवर जगतो आणि निम्म्या कोकणाचं घर चालवतो. रानमोडीचीही दुसरी बाजू आहे: पश्चिम आफ्रिकेतले काही शेतकरी पडीक जमिनीत ती माजली की जमीन सुधारली असं मानतात. फिरत्या शेतीच्या चार-दोन वर्षांच्या पडीकपणात ते खपून जातं. आपल्याकडे ती बागेत आणि रानात कायमची मुक्कामाला येते, हा फरक.

मग बागेत करायचं काय? पहिली गोष्ट वेळेची. रानमोडी थंडीच्या सुरुवातीपासून फुलू लागते. फूल धरण्याआधी, माती ओली असताना बुडख्यासकट उपटली तर मेहनत सार्थकी लागते. नुसता कोयता मारून वरचं साफ करणं म्हणजे तिची छाटणी करून देणं. तिला जाळणंही महागात पडतं, कारण आगीत वरच्या थरातली बुरशी आणि देशी बी भाजून निघतं, आणि पहिली वर फुटते ती पुन्हा तीच. राब (भाताची रोपं करण्याआधी पालापाचोळा जाळून जमीन भाजणं) करायचाच असेल तर तो तरव्याच्या, म्हणजे त्या रोपांच्या वाफ्यापुरता ठेवावा.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची: जागा उघडी टाकू नका. बुरशी जिवंत मुळांशिवाय जगत नाही. रान साफ करून जमीन वर्षभर रिकामी ठेवली तर कामाची बुरशी उपाशी मरते, मर रोगाची मात्र कुजक्या पाल्यावरही तग धरते. उपटल्याबरोबर त्याच पावसात काहीतरी लावायला हवं. सुरुवातीला कुळीथ, चवळी चालेल, त्यांना हीच बुरशी लागते. त्यांच्यामागून करंज, शिवण, जांभूळ, किंजळ, आईन.

दुकानातली मायकोरायझाची पुडी यावर उपाय आहे का? तिच्यात बहुधा एक-दोन सहज वाढवता येणाऱ्या जाती असतात. निर्जंतुक मातीत किंवा रोपवाटिकेत त्यांचा फायदा होतो, पण रानमोडी उभी असलेल्या बागेत टाकलीत तर ती बुरशी रानमोडीलाही तितक्याच आपुलकीने पोसेल. भरपूर स्फुरद टाकून वर पुडी टाकणं तर उलटंच काम, कारण पोट भरलेलं झाड बुरशीला बोलावत नाही. त्यापेक्षा जी जात लावायची आहे, तिच्या चांगल्या वाढलेल्या झाडाखालची ओंजळ-दोन ओंजळ माती पिशवीत मिसळा. नेदरलँड्समध्ये जुन्या शेतजमिनींवर असा प्रयोग झाला, २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले: कुठल्या रानातली माती पसरली यावर पुढे तिथे कोणतं रान उभं राहतं ते मोठ्या प्रमाणात ठरलं. ही माती देवराई खणून मात्र आणू नका, बांधावरच्या किंजळीखालची पुरते. आणि बाभळीच्या लागवडीजवळच्या रोपवाटिकेतून रोपं घेताना पिशवीत माती कुठली भरली आहे ते विचारून घ्या.

पहिले दोन-तीन पावसाळे रोपांभोवतीची रानमोडी हाताने काढत राहावी लागते. यातून सुटका नाही. नंतर सावली पडू लागते, आणि दाट सावलीत तिला पुरेशी साखर बनवता येत नाही.